डेकवरचा पिवळा पट्टा

फौजींनी आपल्या नऊ जहाजांच्या डेकवर पिवळा पट्टा ओढला तो मार्च महिना होता. पट्टा नाकापासून पहिल्या तोफेपर्यंत सरळ जात होता, काडेपेटीतल्या काडीएवढा जाड. जहाजं करंगळीएवढी. त्यामुळे वरून पाहिलं तर जहाज कमी आणि पट्टाच जास्त दिसायचा. कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नये म्हणून नौदलं अशी खूण करत. माहिती खरी होती, मी घरी जाऊन तपासली. पण आमच्या खेळात विमानं नव्हती, आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

फौजी हे त्यांचं गावातलं नाव. ते नौदलात पंधरा वर्षं सिग्नलमन होते, पण नौदल आणि लष्कर यांत गाव फरक करत नाही. घाटनांदूरच्या पुढे त्यांचं गाव आहे. निवृत्तीनंतर ते तिथे ऊस आणि कापूस करतात. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी लातूरला दिली आहे. मी अंबाजोगाईत राहतो आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकात डेस्कवर काम करतो.

ओळख एका तक्रारीतून झाली. आमच्या अंकात एका युद्धनौकेचा रंगीत फोटो छापला होता. दुपारी कार्यालयात फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "जहाज निळं छापलंय तुमी. आमचं करडं व्हतं." छपाईत करड्यात निळी शाई जास्त उतरली होती. वीस वर्षांत रंगाबद्दल आलेला तो पहिला फोन. मी त्या गावी गेलो, बातमी केली नाही, पण पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. तेव्हा मी एकट्यानेच जहाजं रंगवायचो. इंटरनेटवरून उतरवलेले खेळाचे नियम माझ्याकडे होते, समोर बसायला माणूस नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या कापूस ठेवायच्या खोलीत खेळ होतो. दिवाळीनंतर खोली कापसाने भरते, तेवढे महिने बंद. जमिनीवर दोन प्लायवुडचे तुकडे, त्यावर निळं कापड ताणलेलं, तो समुद्र. प्रत्येकाची नऊ जहाजं. दर फेरीला दोघंही आपापली चाल चिठ्ठीवर लिहितात: वेग किती, वळण कुठे, तोफा कुणावर. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मग टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे. समोरचा काय लिहीत असेल हा संशय हाच खेळाचा गाभा आहे. खोलीबाहेर तो न्यायचा नाही, हे आम्ही कधी बोललो नाही, पण पाळत आलो.

रंग ज्याचा त्याने ठरवायचा. जहाजं कच्च्या पांढुरक्या राळेची येतात, पुण्याहून कुरिअरने. आधी प्रायमर, मग रंग. करड्यात किती निळा घालायचा यावर आमची एक अख्खी दुपार गेलेली आहे. एवढ्या लहान जहाजाला खऱ्या जहाजाचा रंग जसाच्या तसा लावला तर ते काळं दिसतं, हे मला फौजींनी शिकवलं. लांबचं जहाज हवेमुळे फिकट दिसतं, आणि समुद्रावरचं जहाज माणूस नेहमी लांबूनच पाहतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळायचा. किती, हे ते बोटाच्या नखावर थेंब घेऊन ठरवत. शत्रूला आपली दिशा कळू नये म्हणून कुणी जहाजावर वाकडेतिकडे पट्टे ओढत, कुणी नाकाजवळ खोटी पांढरी लाट रंगवत. माझ्या जहाजांना असे सगळे प्रकार झाले. त्यांची मात्र कायम करडी. ते म्हणत की चांगला रंग तो, जो दिसत नाही.

अशा माणसाने डेकवर पिवळा पट्टा ओढला.

आमच्या जिल्ह्यात रंगाला आता नुसता रंग म्हणून कुणी पाहत नाही. गळ्यातलं उपरणं, ट्रॅक्टरवरचा झेंडा, मोटारसायकलवरचा स्टिकर, दुकानाची पाटी, सगळं वाचलं जातं आणि त्यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरतं. चहा कुणाकडे प्यायचा तेही ठरतं. कोणता रंग कोणत्या समाजाचा हे इथे लिहीत नाही. जिल्ह्यातल्या वाचकाला ते ठाऊक आहे, आणि बाहेरच्याचं त्यावाचून काही अडणार नाही. एवढं पुरे की पिवळा फौजींच्या समाजाचा नव्हता. माझ्याही नव्हता. आम्हा दोघांचे समाज वेगळे आहेत, आणि गेली काही वर्षं ते एकमेकांकडे सरळ पाहत नाहीत. कार्यालयात, गल्लीत, लग्नात मला कोणी ना कोणी बाजू विचारतंच. न विचारली जाणारी एकच जागा माझ्याकडे उरली होती, ती ही कापसाची खोली. पट्टा पाहिल्यावर ती राहील की जाईल, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

मी पुरावे गोळा करायला लागलो. ठरवून नाही, सवयीने.

पहिली गोष्ट, खेळाची वेळ बदलली. आठ वर्षं आम्ही दुपारी चारला बसायचो. एप्रिलच्या उन्हात त्यांनी वेळ अकराची केली आणि दार, खिडक्या सताड उघड्या ठेवायला लागले. संध्याकाळी काय असतं, असं मी विचारलं. काही नसतं, असं उत्तर आलं. समाजाच्या बैठका संध्याकाळी असतात.

दुसरी, एका रविवारी मी पोचलो तेव्हा पिवळा झेंडा लावलेली जीप त्यांच्या दारातून निघत होती. चालकाने हात केला, फौजींनीही केला. कोण होतं, यावर ते म्हणाले, "व्हती वळखीची पोरं." नाव सांगितलं नाही.

तिसरी, रंगाच्या दुकानातून कळली. अंबाजोगाईत ज्या दुकानातून आम्ही दोघं थिनर आणि रंग घेतो, त्या दुकानदाराने सहज सांगितलं की फौजींनी पिवळा ऑइल पेंट नेला, एक लिटर. नऊ जहाजांना दहा थेंब लागतात. उरलेला लिटर कशाला, हे त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी बोअरच्या स्टार्टरची पेटी पिवळी दिसली. बाकीचा रंग कुठे गेला ते मी शोधत राहिलो, घराच्या मागच्या बाजूला गेलो नाही.

खेळावरही परिणाम झाला. ते माझी चिठ्ठी माझ्याकडूनच वाचून घ्यायला लागले, माझं अक्षर डॉक्टरवानी आहे म्हणून. टेपवरचा आकडाही मीच सांगायचा. पूर्वी ते स्वतः खाली वाकून मोजायचे आणि माझ्याशी अर्ध्या इंचावरून भांडायचे. आता भांडत नव्हते. माणसाचं लक्ष दुसरीकडे लागलं की असं होतं, असा मी अर्थ लावला. घरी आल्यावर मी या गोष्टी मनात एकाखाली एक मांडत असे. सगळ्या एकाच दिशेला जात होत्या, आणि डेस्कवर काम करणाऱ्याला अशा वेळी बातमी तयार झाल्यासारखी वाटते.

एप्रिलच्या शेवटी मी त्याच दुकानात उभा होतो. दोन गिऱ्हाइकं आणखी होती. दुकानदार डबी पुसत म्हणाला, "फौजी बी तिकडं गेले म्हना की."

"तसं दिसतंय खरं," मी म्हणालो.

तीन शब्द. हे वाक्य मी कुठल्याही वार्ताहराच्या बातमीत राहू दिलं नसतं. कुणाला दिसतंय, कशावरून, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला विचारलं का, असे तीन प्रश्न समासात लिहून कॉपी परत पाठवली असती. मी थिनरची बाटली घेतली आणि निघालो.

मे महिन्यात फौजींच्या थोरल्या भावाच्या नातवाचं लग्न निघालं. थोरले त्याच गल्लीत समोर राहतात. दोघांची शेतं एका बांधाची. त्या रविवारी मी पोचलो तेव्हा फौजी खोलीच्या उंबऱ्यात बसले होते आणि मांडीवर लग्नपत्रिका होती.

आमच्याकडच्या पत्रिकेत वधूवरांपेक्षा निमंत्रकांची जागा मोठी असते. भावकीतल्या सगळ्या पुरुषांची नावं वयाने, मानाने, ओळीत छापतात. कुणाचं नाव कुठे आलं यावरून वर्षभर बोलणं होतं. एखादं गाळलं तर ते चुकून गाळलं असं कुणी मानत नाही.

"दरसाली लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा यायचा माझ्याकडं, वाटायला," ते म्हणाले. "औंदा एकच आली. ती बी दारातून देऊन गेलं पोरगं." मग पत्रिका माझ्याकडे धरली. "बघा बरं, माझं नाव कितवं हाय."

पत्रिका लाल कागदावर सोनेरी अक्षरांत होती. मी म्हणालो की तुम्हीच बघा, मला चष्मा काढावा लागेल. ते म्हणाले, "काढा की."

मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. प्रूफ तपासायची ती पद्धत आहे. एकतीस नावं होती. थोरल्यांचं पहिलं, त्यानंतर दुसरं फौजींचं यायला हवं होतं. तिथे चुलतभावाचं होतं. मी वाचत असताना ते माझ्याकडे पाहत होते, पण नजर माझ्या तोंडावर नव्हती, कानाच्या थोडी बाजूला होती. मी पत्रिका हळूच त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. पापणी हलली नाही. तेव्हा चिठ्ठ्या, टेप, अकराची वेळ, उघड्या खिडक्या, सगळं दुसऱ्या दिशेने वाचता आलं.

"दिसत नाही तुम्हाला," मी म्हणालो.

त्यांनी सगळं सांगितलं, ठरवून सांगितल्यासारखं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, साखरेमुळे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळायचं. बारीक अक्षर दिसत नाही, करडं आणि निळं एकमेकांत मिसळतं. पिवळा तेवढा अजून उठून दिसतो. लिटरभर रंग मागच्या पायऱ्यांच्या कडांना, हौदाच्या काठाला आणि स्टार्टरच्या पेटीला लावला होता. जीपमधल्या पोरांनी त्यांना फाट्यावर चुकीच्या एसटीतून उतरलेलं पाहिलं आणि घरी सोडलं.

कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"नोकरी समदी डोळ्यावर केली. पाच मैलावरचं जहाज वळखायचो." मग समोरच्या घराकडे मान केली. "आन् बांध एकच हाय आमचा. मला दिसत न्हाई हे कळलं की नांगर दरसाली हातभर इकडं येईल. सख्खा असला तरी."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होतो त्या दोन महिन्यांत ते सख्ख्या भावावर संशय घेत होते. आणि थोरल्यांनी त्यांच्यावर घेतला होता, दुकानातून गावापर्यंत पोचलेल्या माझ्या तीन शब्दांवरून.

"नाव कितवं हाय ते न्हाई सांगितलं," ते म्हणाले.

मी सांगितलं की नाव नाही. का नाही तेही सांगितलं: दुकान, दुकानदाराचा प्रश्न, माझं उत्तर. शब्द जसे होते तसे. दुकानात आणखी दोघं होते हेही.

फौजींनी पत्रिका परत घेतली आणि बोटाने तिची कड चाचपली. "मला इचारलं असतं तर?"

"तुम्ही खरं सांगितलं असतं?"

"न्हाई," ते म्हणाले. "पर इचारायचं व्हतं."

 मी थोरल्यांकडे जाऊन खुलासा करतो म्हणालो. त्यांनी आधी नको म्हटलं. मग म्हणाले की सांगायचं तर डोळ्यांसकट सांगा, अर्धं सांगितलं की त्याचं आणखी काहीतरी होतं.

थोरले अंगणात मांडवाचे वासे मोजून घेत होते. मला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डोळे गेले तर पिवळाच कावून? दुसरे रंग मेले का?" मी वैद्यकीय कारण सांगितलं. ते म्हणाले, "आधी तुमी मनले तिकडं गेला. आता मनता आंधळा झाला. तुमच्या पेपरचं कोणतं पान खरं धरावं?" पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. मी निघालो.

वर्तमानपत्रात चूक छापली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती येते आणि आपण मोकळे होतो. दुरुस्ती वाचणारे चूक वाचणाऱ्यांच्या मानाने फार थोडे असतात, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. मला ते त्या अंगणात पहिल्यांदा समोरून दिसलं.

परत आलो तर फौजी जहाजं मांडून बसले होते. त्यांना थोरल्यांचं उत्तर सांगितलं. त्यांनी विषय बदलला. "आणखी एक," ते म्हणाले. "माझी दिसतात मला. तुमची दिसत न्हाईत. लई दिवस झाले, अंदाजानं तोफा मारतोय."

मग माझ्या जहाजांसाठी रंग निवडायला बसलो. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक रंग लावला, सुकवला आणि निळ्या कापडावर खिडकीजवळ ठेवला. तुकडे कुठे आहेत ते त्यांनी बोट ठेवून दाखवायचं. लाल त्यांना काळा दिसला. हिरवा सापडलाच नाही. पांढरा सापडला, पण कापडाच्या सुरकुतीवर पडलेल्या उजेडाशी त्यांची गफलत व्हायला लागली. गुलाबी फिका पडला. नारिंगी मात्र मी तीनदा ठेवला आणि त्यांनी तीनदा लगेच दाखवला.

मी नारिंगीचा तुकडा हातात घेऊन बसलो. आमच्याकडे त्या रंगाला नारिंगी कुणी म्हणणार नाही. पिवळ्याच्या समोर तो मांडला की जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात त्याचा एकच अर्थ लागतो. आणखी शोधू, आकाशी बघू, असं मी म्हणत राहिलो. निळ्या कापडावर आकाशीचा काही उपयोग नाही हे मलाही कळत होतं.

"भेताय कावून?" ते म्हणाले. "मला दिसतोय तो लावा."

मी लावला. आठवडाभर रोज थोडा वेळ, तीन शून्यांच्या, अगदी बारीक ब्रशने. पट्टा नाही, संपूर्ण डेक. इतकी वर्षं करड्याच्या छटा मिसळल्यानंतर तो रंग सरळ डबीतून लावताना हाताला चुकल्यासारखं वाटत होतं. एक जहाज वाळत असताना मी ते खिडकीतून आत घेतलं, रस्त्यावरून कुणी पाहू नये म्हणून.

पुढच्या रविवारी खेळ मांडला. नऊ पिवळे पट्टे, नऊ नारिंगी डेक, मध्ये निळं कापड. चिठ्ठ्यांचा प्रश्न होता. डोळ्यांमुळे त्यांना आता लिहिता येत नव्हतं. म्हणून असं ठरलं की आधी मी माझी चाल लिहून ताटलीखाली ठेवायची, मग त्यांनी तोंडाने सांगायची आणि मी लिहायची. ताटलीखालची चिठ्ठी त्यानंतर बदलायची नाही. मी बदलत नाही यावर त्यांनी विश्वास ठेवायचा, दुसरी सोय नव्हती.

तिसऱ्या फेरीला दारात सावली पडली. थोरले होते. लग्न पाच दिवसांवर होतं, त्यांच्याकडे मांडवाची कामं चालू होती, आणि ते चप्पल न काढता उंबऱ्यात उभे होते. त्यांनी दोन्ही रंग पाहिले. मी बोलणार होतो, पण खुलासे करून झाले होते.

"कोण हाय?" फौजींनी विचारलं.

तीन पावलांवरचा सख्खा भाऊ. थोरले चप्पल काढून आत आले आणि फौजींच्या तोंडासमोर हात धरला. "हे किती?"

"दादा व्हय," फौजी आवाजावरून म्हणाले. "हात कळतोय. बोटं न्हाई मोजता येत."

थोरल्यांनी हात खाली घेतला. दवाखान्यात कोण नेतं, असं विचारलं. एकटाच जातो, एसटीने, असं उत्तर मिळालं. कधीपासून, याचंही. बांधाचा विषय निघाला नाही. पत्रिकेचाही नाही. ते खरोखर भावाला पाहायला आले होते की माझं सांगणं पडताळायला, हे मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलेलं नाही.

"खेळा की," ते म्हणाले आणि पोत्यावर बसले.

मी माझी चिठ्ठी लिहून ताटलीखाली ठेवली. फौजींनी सांगितलं की पहिली तीन जहाजं डावीकडे, पूर्ण वेगाने, तोफा माझ्या मधल्या जहाजावर. मी लिहायला लागलो. थोरले पुढे वाकून माझ्या पेन्सिलीकडे पाहत होते.

"ह्ये तुझ्याच इरुद्ध खेळतेत ना?" त्यांनी भावाला विचारलं.

"हां."

"आन् तुझी चाल ह्येच लिवतेत?"

"मग कोण लिवणार?"

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, दोन महिने मीही त्याच नजरेने या खोलीत पाहत होतो. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. चिठ्ठीवर मी लिहिलेलं वाचलं, खोडलं, आणि पोतं ओढत भावाच्या बाजूला सरकले.

"पुन्ना सांग," ते त्याला म्हणाले. "हळू सांग, कानात. ह्येंला ऐकू देऊ नको."